या संगणकावरच्या सर्वांसाठी

झाँसीच्या इलाइट चौराह्याजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये मी माझा प्रोग्राम पहिल्यांदा बसवला, तेव्हा तो शिकणाऱ्यांपैकी एकालाही दिसला नाही. फक्त मालकांना दिसला. मी तो त्यांच्याच खात्यातून बसवला होता. सकाळच्या बॅचच्या मुली आल्या, त्यांनी आपलं खातं उघडलं, आणि तिथे काहीच नव्हतं.

"काय इंजीनियर साहब," मालक म्हणाले, "तुमाओ प्रोग्राम हमाए लानेई बनो है का? हमें तो टाइपिंग आउत है।"

प्रोग्राम काय एकट्या त्यांच्यासाठीच बनवलाय, असं ते विचारत होते. मुली हसल्या. मी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, इंजिनियर नव्हतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मालकांनाही.

सेंटरमध्ये आठ संगणक होते. प्रत्येकावर मालकांचं एक खातं आणि शिकणाऱ्यांची तीन: सुबह, दोपहर आणि शाम. प्रत्येक बॅचमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली. म्हणजे एका संगणकावर दिवसभरात तीन माणसं बसायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की हा संगणक आपला आहे. मी हे नीट समजून घ्यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरचा संगणक होता. एका कार्यालयाने मोडीत काढलेला तो संगणक बाबांनी सायकलच्या कॅरियरला बांधून आणला होता. त्याच्यावर एकच खातं होतं आणि तो एकटा मीच वापरायचो.

प्रोग्राम साधा होता. वर हिंदी धडा दिसायचा, खाली तो टाइप करायचा, शेवटी वेग आणि चुका कळायच्या. धड्याऐवजी स्वतःच्या मनाचा मजकूर टाइप करायचीही सोय मी ठेवली होती. झाँसीत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला अर्धवट काम आपोआप जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी प्रोग्राम उघडला की तेच समोर आणायचं, अशी युक्ती मी त्यात केली होती. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर बसवायचा तर त्याचा सेटअप बांधावा लागतो. सगळ्या फायली एका फाइलमध्ये भरायच्या, म्हणजे समोरच्याने ती दाबली की सगळं जागच्या जागी पोचतं. त्या बांधणीत एक प्रश्न असतो: हे फक्त माझ्यासाठी बसवायचं, की या संगणकावरच्या सर्वांसाठी? पहिल्यांदा मी पहिलं उत्तर दिलं होतं. मालकांनी टोमणा मारल्यावर घरी येऊन दुसरं दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम सगळ्यांना दिसला, पण मुलींनी टाइप करायला सुरुवात करताच अडला. काम जपून ठेवायला परवानगी नाही, असा निरोप पडद्यावर येऊ लागला. सर्वांसाठी बसवलेला प्रोग्राम जिथे राहतो, तिथे साध्या खात्याला काही लिहिता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी मदतीचं पान उघडलं. ते इंग्रजीत होतं आणि माझं इंग्रजी तेव्हा एका परिच्छेदापलीकडे टिकत नसे. पहिल्या परिच्छेदात एका सामायिक फोल्डरला सर्वांची परवानगी कशी द्यायची ते होतं. मी ती दिली, प्रोग्रामसोबत धडे आणि लोकांचं अर्धवट कामही त्याच फोल्डरमध्ये ठेवलं. निरोप यायचा बंद झाला, आणि मी पान बंद केलं.

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की प्रोग्राम सर्वांचा असला तरी ज्याचं काम त्याच्याच खात्यात ठेवावं. तो परिच्छेद आता मला पाठ आहे.

कॉलेजात सरांना विचारता आलं असतं. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा फौजेतून निवृत्त होऊन सिविल लाइन्समध्ये एका कार्यालयाच्या दारावर पहाऱ्याला होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की आमचा मुलगा कंप्युटर बनवतो. "इतना भी नहीं आता?" हे वाक्य सरांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर, ज्याचं काम त्याच्याकडे ही गोष्ट मला सुचलीही नसती. आमच्याकडे गावाहून पत्र आलं की मी ते मोठ्याने वाचायचो आणि सगळे ऐकायचे. एका पेटीत सगळ्यांचे कपडे असायचे. कोणाचं काही वेगळं, दुसऱ्याने न बघायचं, असं घरात मी पाहिलंच नव्हतं.

सदर बाजारात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. शेजारच्या खोलीत एक वहिनी राहायच्या. त्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान फौजेत, तेव्हा पहाडावर, जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. वहिनींबरोबर त्यांची पाच वर्षांची मुलगी होती. सासरचा आग्रह होता की नवरा इथे नाही तर गावी या. वहिनींनी मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं होतं आणि त्या काही ना काही कारण काढून राहत होत्या. सिविल लाइन्समधल्या एका खाजगी शाळेला लिपिक हवा होता. दिवाळीनंतर हिंदी टायपिंगची परीक्षा होती. ती जागा मिळाली तर झाँसीत राहायला त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण होणार होतं.

"आधी सांगितलं तर कोणी होकार देणार नाही," त्या आईला म्हणाल्या होत्या. "नोकरी लागल्यावर सांगितलं तर निदान भांडण तरी नोकरीचं होईल."

"अगं, भांडण कसलं घेऊन बसलीस, चहा घे," आई म्हणाली. पण टायपिंग सेंटरचा पत्ता तिनेच मला द्यायला लावला.

वहिनी सकाळच्या बॅचला जाऊ लागल्या, पाच नंबरच्या संगणकावर. महिनाभरात वेग अडकला. धड्यातली सिंह-सशाची तीच ती वाक्यं टाइप करून त्यांना कंटाळा आला होता.

"भाऊजी, तुमच्या त्या शेर आणि खरगोशाला काही तरी करा हो. मीच खाऊन टाकीन दोघांना."

"धडा सोडा वहिनी," मी म्हणालो. "मनातलं लिहा. मनातलं लिहिताना बोटं थांबत नाहीत."

"आणि कोणी वाचलं म्हणजे?"

"मराठीत लिहा. इथे कोण मराठी वाचणार?"

त्या हसल्या. झाँसीत आम्ही सगळे मराठी लोक असंच करायचो. दुकानात भाव जास्त वाटला की मराठीत बोलायचं, बसमध्ये शेजारच्याबद्दल बोलायचं तर मराठीत. भाषा म्हणजे आपल्या खोलीचं दार आहे असंच आम्हाला वाटायचं. संध्याकाळच्या बॅचला त्याच पाच नंबरवर कोण बसतं, हे मला माहीत होतं. तरी ते त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही.

ते एक निवृत्त हवालदार होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. निवृत्तीनंतर कुठे कारकुनी मिळावी म्हणून या वयात टायपिंग शिकत होते. एका बोटाने टाइप करायचे आणि पोरांच्या थट्टेला थट्टेने उत्तर द्यायचे. ते साताऱ्याचे होते. वहिनींच्या सासऱ्यांना ते नुसते ओळखत नव्हते, दोघांची गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांना होती.

ज्या दिवशी हे घडलं, त्या संध्याकाळी मी सेंटरमध्येच होतो. मालकांच्या संगणकावर नवे धडे भरत होतो. काकांनी पाच नंबरवर आपलं शाम खातं उघडलं, माझा प्रोग्राम उघडला, आणि प्रोग्रामने माझ्या युक्तीप्रमाणे शेवटचं अर्धवट काम समोर आणून ठेवलं. ते सकाळचं, वहिनींचं होतं; दुपारच्या बॅचला त्या दिवशी पाच नंबरवर कोणी आलंच नव्हतं. मी उठून पाहिलं तेव्हा पडदा भरलेला होता. मला गावी जायचं नाही. मला गावी जायचं नाही. हेच वाक्य दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी थोड्या कमी चुकांनी. मग खाली: परीक्षा दिवाळीनंतर आहे. नोकरी लागली की यांना कळवीन. सासूबाईंना आत्ता कळलं तर न्यायलाच येतील. आणि मुलीचं नाव, शाळेचं नाव, सगळं.

शेजारच्या संगणकावरचा मुलगा वाकून बघत होता. "काका, जे का लिखो है मराठी में? पढ़ के सुनाओ।"

काकांनी त्याचं डोकं हाताने वळवलं. "भजन है। अपना काम कर।"

"इत्तो लंबो भजन?"

"भगवान बड़ा है, भजन भी बड़ा है। तू टाइप कर।"

मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या क्षणी मला सगळं कळलं. सकाळी वहिनींनी प्रोग्राम बंद केला होता, आपलं खातंही बंद केलं होतं. तरी त्यांचं काम सामायिक फोल्डरमध्ये राहिलं होतं, कारण मी ते तिथे ठेवलं होतं. काकांच्या खात्याने तिथलं शेवटचं काम उचललं होतं, कारण मीच त्याला ते उचलायला शिकवलं होतं. आठ संगणकांवर गेला महिनाभर हेच होत असणार. बाकीचे सगळे शेर आणि खरगोशच टाइप करत होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ही तुमच्या शेजारची ना?"

मी हो म्हणालो. मला एवढंच म्हणायचं होतं की काका, हे तुमच्यापाशी ठेवा, आणि हे तुम्हाला दिसलं ही चूक माझी आहे. दोनच वाक्यं होती. मी म्हणालो, "मी फाइल बंद करतो," आणि ती बंद केली.

"उघडीच टाकून गेली बघ," काका म्हणाले. "फार भोळी पोर आहे."

मी परत मालकांच्या संगणकापाशी जाऊन धडे भरू लागलो.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी सेटअप नव्याने बांधला. प्रोग्राम आणि धडे सर्वांच्या जागी, आणि टाइप केलेलं काम ज्याच्या त्याच्या खात्यात. दुपारपर्यंत आठही संगणकांवर बसवलं. जुना फोल्डर रिकामा करून टाकला. मालकांनी विचारलं, आता काय बिघडलं, तर मी म्हणालो, काही नाही, नवी आवृत्ती आहे. ते म्हणाले, "वाह, बिना कहे काम करन लगे!" मला शाबासकी मिळाली. वहिनी सकाळी येऊन गेल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, काकांनी त्या मुलाला भजन आहे असं सांगितलं, म्हणजे ते सांभाळून घेतील.

काकांनी त्याच आठवड्यात गावी फोन केला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पुढे एकदा ते मला म्हणाले, "माझी सून असती तर मला कळायला नको? एकटी बाई, परका मुलूख." हिंदी पोरांपासून त्यांनी वहिनींची लाज राखली होती, आणि सासऱ्यांना सांगणं हाही त्यांना त्याच राखण्याचा भाग वाटत होता.

दिवाळीच्या आधी सासरे आले. बरोबर धाकटा दीर होता. आमच्याकडेच त्यांना चहाला बोलावलं, कारण वहिनींच्या खोलीत बसायला जागा नव्हती. सासरे आरडाओरडा करणारे नव्हते. बशीत चहा ओतून हळूहळू पीत बोलत होते.

"पोरीनं टाइप शिकावं, आमची ना नाही. आमच्यात कोणी शिकलं तर आम्हाला नको आहे का? पण चोरून कशाला?"

वहिनी दारापाशी उभ्या होत्या. मुलगी त्यांच्या पदराशी खेळत होती.

"आणि चोरून करायचं तर," सासरे जरा हसले, "ते असं चव्हाट्यावर उघडं टाकून कोणी येतं का? परीक्षा द्यायला निघालीस. उद्या शाळेचे कागद असे उघडे टाकलेस म्हणजे?"

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या. "बंद करायची राहिली असेल."

मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या दोघांच्या मध्ये उभा होतो. आईने माझ्याकडे बघून कप गोळा करायची खूण केली. मी कप गोळा केले. बाबा म्हणाले, "आमच्या मुलानेच बनवलाय तो प्रोग्राम," आणि सासऱ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "वा," ते म्हणाले. "शिका. नाव काढा."

एवढं सगळं झाल्यावरही बोलायला वेळ होता. ते आणखी दोन दिवस राहिले. सामान बांधताना वहिनींनी मला दोऱ्या आणायला पाठवलं. दोऱ्या देताना मी म्हणालो, "वहिनी, परीक्षा..."

"राहू द्या भाऊजी. वेग तरी कुठे बसला होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला सारखं वाटतंय, मी बंद केली होती. पण मग ती कशी दिसली? माझ्याच हाताला वळण नाही. तुमचा प्रोग्राम चांगला आहे हो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्या माझी समजूत घालत होत्या, आणि मी ती घालून घेतली.

गाडी दुपारची होती. मुलीच्या शाळेचं दप्तर त्यांनी आईकडे ठेवलं, कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून. परीक्षेच्या दिवशी मी सिविल लाइन्समधल्या त्या शाळेवरून सायकलने गेलो. कशासाठी गेलो ते सांगता येत नाही. फाटकापाशी दहा-पंधरा माणसं कागद हातात घेऊन उभी होती. मी थांबलो नाही.

आता मी एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात सेटअप बांधण्यात माझा हात चांगला बसला. टहरौलीच्या एका संगणक केंद्रापासून इथल्या दोन-तीन दुकानांपर्यंत मी बांधून दिलेले प्रोग्राम चालतात. कोणी काम सांगायला आलं की मी आधी विचारतो, एका संगणकावर किती जण बसतात, आणि ते एकमेकांचे कोण लागतात. दुसरा प्रश्न ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. या वर्षी सरांनी मला खालच्या वर्गाला हाच विषय शिकवायला उभं केलं. मी फळ्यावर दोन चौकोन काढले, एक सर्वांचा आणि एक ज्याचा त्याचा. एका मुलीने विचारलं, "सर, इसमें गलती हो जाए तो क्या होता है? मतलब, ज़्यादा से ज़्यादा?"

मी म्हणालो, "दूसरे का डेटा दिख जाता है।" तिने ते वहीत लिहून घेतलं.

वहिनींचा नंबर आईकडे होता. संक्रांतीला, दिवाळीला त्यांचं बोलणं व्हायचं. तेव्हा नंबर नव्हता असं मला म्हणता येत नाही. त्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी आईकडून तो घेतला आणि गच्चीवर जाऊन फोन लावला.

"कोण, भाऊजी? अगं बाई! तुमच्या आई बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत." मुलगी तिसरीत गेल्याचं त्यांनी सांगितलं. टायपिंगचं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुठलं आलंय. बोटं विसरली. त्या शाळेत लागली ना कोणीतरी?"

"लागली."

"बरं झालं."

मग मी सांगितलं. सांगताना मला मराठी शब्द सापडत नव्हते, मध्येच हिंदी येत होतं. फोल्डर, खातं, परवानगी, सगळं उलटसुलट झालं. शेवटी म्हणालो, "वहिनी, तुम्ही ते बंद केलं होतं. बंद केलं तरी काकांना दिसणारच होतं. मी तसं बांधलं होतं."



"म्हणजे मी बंद केलं होतं?"

"हो."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही ना तुम्ही?"

"नक्की."

"मला आठवत होतं," त्या म्हणाल्या. "बंद केल्याचं अगदी आठवत होतं. पण सगळे म्हणाले, मग मीही म्हणाले. भाऊजी, इथे रेशनकार्डसुद्धा माझ्या हातात देत नाहीत. सासूबाई म्हणतात, तिच्याकडे कागद देऊ नका, उघडे टाकते. पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर सहीसुद्धा दीर करतो."

मला माफी मागायची होती. ती मी मागितली, पण ती त्यांनी ऐकली की नाही मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "थांबा. हे सुट्टीवर आलेत. यांना सांगा."

यजमानांना मी दोन-तीनदाच भेटलो होतो. "बोला भाऊ," ते म्हणाले. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी जरा सरळ. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "झालं ते झालं. जुनी गोष्ट आहे. तुम्ही तरी तेव्हा लहानच होता."

मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. "त्यांना विचारा, हे कळलं कधी."

"ती विचारतेय, तुम्हाला हे कधी कळलं?"

मी म्हणालो, "त्याच दिवशी. संध्याकाळी."

"कोणत्या दिवशी?"

"काकांनी वाचलं त्याच दिवशी. मी तिथेच होतो. तुमचे वडील झाँसीला आले, आमच्या घरी चहा प्यायले, तेव्हाही मला माहीत होतं."

या वेळी त्यांनी बरं म्हटलं नाही. फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. दोघं आपसात काही बोलत होते, ते मला नीट ऐकू येत नव्हतं. मग वहिनी जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, ठेवू नका. सासूबाई गोठ्यात आहेत. त्यांना बोलवायला गेलेत. त्यांना ऐकायला कमी येतं, मोठ्याने सांगा."

"काय सांगू?"

"जे आत्ता सांगितलंत ते. पहिल्यापासून."

मी फोन धरून उभा राहिलो. कोणीतरी पाय झटकत आलं, फोन उचलला गेला, आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, "कोण बोलतंय?"

मी माझं नाव सांगितलं आणि मोठ्याने सुरुवात केली.